उजव्या वळणावर डोळा मारणारा ऑइलचा दिवा

लक्षण आधी सांगतो, कारण ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला याच लक्षणासाठी फोन केलेत.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, वीस मिनिटांचं सेशन. पहिल्या तीन फेऱ्या मस्त जातात. चौथ्या फेरीला, दहाव्या-अकराव्या वळणाच्या त्या लांबलचक उजव्या पट्ट्यात गाडी पूर्ण भाराने वळत असताना, डॅशबोर्डवरची तेलाची लाल किटली डोळा मारते. स्टिअरिंग सरळ केलं की गायब. पुढच्या फेरीला त्याच जागी पुन्हा. पिटमध्ये येऊन बघावं तर काहीच नाही. आवाज नाही, गळती नाही, स्कॅनरवर एकही कोड नाही. घरी येताना एक्स्प्रेसवेवर गाडी गुणी बाळासारखी चालते.

माझ्या गाडीने हे सलग तीन ट्रॅक-डेला (आपली गाडी रेसट्रॅकवर पळवायचे दिवस) केलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. रस्त्यासाठी बनवलेल्या इंजिनाकडून मी भलतंच काम करून घेत होतो. दोन लिटरचं, टर्बो लावलेलं, चार सिलिंडरचं आडवं बसवलेलं इंजिन आहे, तेल खालच्या चेंबरमध्येच राहणारं, म्हणजे वेट संप. तुमची गाडीही याच जातीची असेल तर पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. पोर्शे ९११ जीटी३सारख्या गाडीत तेलाची वेगळी टाकी आणि चेंबरमधून तेल ओढून घेणारे वेगळे पंप असतात, म्हणजे ड्राय संप. ती असेल तर हे वाचायची तुम्हाला फारशी गरज नाही, आणि पैशांचीही चिंता नसावी.

दिवा खोटं बोलतोय का?

पहिला संशय सगळ्यांचा सेन्सरवरच. माझाही. एका वर्कशॉपने तो बदलून दिला, बिल दिलं, आणि पुढच्या महिन्यात त्याच वळणावर किटली पुन्हा हजर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बऱ्याच गाड्यांत हा दिवा दाब मोजत नाही. तो साधा स्विच असतो आणि दाब अर्ध्या बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक) आसपास खाली गेला तरच पेटतो. सहा हजार आरपीएमला इंजिनाला चार बारच्या वर दाब हवा असतो. जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा असा, की दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय, म्हणजे ०.७ बार. त्या हिशेबाने सहा हजाराला अर्धा बार म्हणजे बेअरिंग (फिरते भाग ज्यावर टेकून फिरतात ते) जवळजवळ कोरडंच. थोडक्यात, दिवा पेटला याचा अर्थ ‘लक्ष ठेवा’ असा नसून ‘उशीर झालाय’ असा आहे. आणि तो पेटत नाही म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही. दाब चारवरून दीडवर आला तरी तो गप्पच बसतो.

तापमानाच्या काट्याचंही तेच. बऱ्याच गाड्यांत पाणी ७५ अंशांना असो की १०५ला, काटा मधोमध खिळवलेला असतो, म्हणजे मालक उगाच घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करत नाही. ट्रॅकवर हा काटा निव्वळ शोभेचा.

म्हणून काहीही बदलण्याआधी मोजा. मी स्विचच्या जागी टी-फिटिंग बसवलं; एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला खरा प्रेशर सेन्सर. तेलाच्या तापमानासाठी फिल्टरखाली सँडविच प्लेट आणि त्यात दुसरा सेन्सर. दोन्ही आकडे जीपीएससकट लॉगरवर घेतले. टी-फिटिंग थेट इंजिनाला लटकवू नका. पितळेचं असेल आणि त्यावर जड सेन्सर लोंबकळत असेल तर कंपनांनी मानेशी तडकतं, आणि मग बेअरिंगऐवजी आगीची काळजी करावी लागते. ब्रेडेड होज घेऊन सेन्सर बॉडीवर बसवा.

लॉगमध्ये काय दिसलं

तेल ९५ अंशांवर असताना सहा हजाराला ४.८ बार. चौथ्या फेरीला तेल १२८ अंशांवर, आणि त्याच आरपीएमला ३.७. इथपर्यंत अपेक्षितच होतं. पण त्या लांब उजव्या वळणात, शिरल्यानंतर साधारण दोन सेकंदांनी, आलेख विहिरीत पडल्यासारखा सरळ खाली जात होता: ३.७, २.९, १.१, आणि एका फेरीत तर ०.४. मग वळण उलगडलं की पुन्हा वर. डाव्या वळणांत काही नाही. छोट्या उजव्या वळणांतही नाही. सेशनच्या पहिल्या दोन फेऱ्यांत तर अजिबातच नाही.

या नमुन्यातच निम्मं निदान आहे. पंप झिजला असता तर दाब सगळीकडेच कमी दिसला असता. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) अडकला असता तर वळणाची दिशा बघून अडकला नसता. फक्त लांब वळण, फक्त उजवं आणि फक्त तेल तापल्यावर, म्हणजे पंपाच्या तोंडाशी तेलच नाही. तो हवा ओढतोय.

शाळेतलं विज्ञान आठवा. ताटलीतलं पाणी वळत्या गाडीत एका बाजूला चढतं. बाजूचा जोर किती आणि गुरुत्वाकर्षण किती, यावर पातळीचा कल ठरतो. वळणात एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकाच बाजूचा जोर, लागला तर तेलाचा पृष्ठभाग बरोबर ४५ अंशांत तिरका होतो. चांगले सेमी-स्लिक टायर घातले की १.२ जी सहज मिळतो, आणि तेव्हा कल ५० अंश. चेंबर म्हणजे पसरट परात. तिच्यात ५० अंशांचा कल म्हणजे सगळं तेल डाव्या भिंतीला. माझ्या इंजिनात तेल ओढणारी नळी मधोमध नसून उजवीकडे सरकलेली आहे. (या नळीला पिकअप म्हणतात. आपल्याकडे ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणतात तो हा नव्हे, पण ही उपाशी राहिली तर तोही राहत नाही.) छोट्या वळणात तेल सरकून परत यायच्या आत वळण संपतं. लांब वळणात संपत नाही, एवढाच फरक.

मग पहिल्या दोन फेऱ्यांत का होत नव्हतं? कारण तेव्हा चेंबरमध्ये तेल जास्त असतं. इंजिन सतत वरच्या आरपीएमला फिरायला लागलं की बरंचसं तेल वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात, जातं आणि तिथून खाली गळून यायला वेळ घेतं. शिवाय क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, त्याला घुसळत असते, म्हणून उरलेल्यात हवेचे बुडबुडे. डिपस्टिकवर पाच लिटर दिसलं म्हणून वळणात पाच लिटर खाली असतं असं नाही.

मी केलेल्या चुका, क्रमाने

पहिली चूक: जाड तेल. ५डब्ल्यू-४० काढून १०डब्ल्यू-६० घातलं (शेवटचा आकडा जितका मोठा, तितकं तापलेलं तेल जाड), कारण सगळे तेच सांगतात. सरळ रस्त्यावर दाब वाढला, मी खूश. लॉग पाहिला तर उजव्या वळणातली विहीर जशीच्या तशी. साधी गोष्ट आहे: नळी हवेत उघडी पडली असेल तर खालचं तेल पातळ आहे की गुळाच्या पाकासारखं, याने काय फरक पडणार? जाड तेल हेडमधून खाली उतरायलाही जास्त वेळ घेतं. म्हणजे दुखणं थोडं वाढलंच.

याचा अर्थ ग्रेडला महत्त्व नाही असा मुळीच नाही. ४० ग्रेडचं तेल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) असावं लागतं. तेच तेल १३० अंशांवर गेलं की साधारण आठवर येतं, म्हणजे १०० अंशांवरच्या २० ग्रेडइतकं पातळ. तेल गरम होण्याचा प्रश्न तेल गार ठेवूनच सुटतो. जाड तेल घालून फक्त लपतो. कंपनीने ट्रॅकसाठी जी ग्रेड चालेल म्हटलंय तीच वापरा, आणि ज्या इंजिनाला ०डब्ल्यू-२० सांगितलंय त्याचं मॅन्युअल नीट वाचा. कडक वापरासाठी एक पायरी जाड चालेल अशी ओळ बऱ्याचदा आत असते.

दुसरी चूक: जास्त तेल. वरच्या खुणेपेक्षा पाऊण लिटर जास्त ओतलं. वळणातला दाब थोडा सुधारलाही. पण क्रँक तेलात बुडून त्याची ताकासारखी घुसळण करायला लागली, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणारी नळी) तेल इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, गेलं आणि मुख्य सरळ पट्ट्यावर मागून निळा धूर. मार्शलने काळा-नारिंगी झेंडा दाखवून बोलावून घेतलं. ज्यांना तो झेंडा माहीत नाही त्यांच्यासाठी: ‘तुझ्या गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये ये’. तेल नुसतं वाया गेलं असतं तर ठीक, पण इनटेकमध्ये गेलेलं तेल ऑक्टेन खाली आणतं, आणि टर्बो इंजिनात त्यातून नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) होऊन पिस्टनची वाट लागू शकते.

आता मी सपाट जागेवर, इंजिन गरम करून, बंद केल्यावर पाच मिनिटांनी डिपस्टिक बघतो आणि तेल बरोबर वरच्या खुणेवर ठेवतो. फार तर पाव लिटर जास्त. प्रत्येक सेशननंतर पुन्हा बघतो. एका सेशनला माझं इंजिन शंभर-दीडशे मिली तेल खातं. दिवसाच्या शेवटी अर्धा लिटर कमी भरतं आणि बहुतेक इंजिनं दुपारच्या शेवटच्या सेशनलाच जातात. संध्याकाळी पिटमध्ये डिपस्टिक पुसणारे फार कमी दिसतात, चहा पिणारे पुष्कळ.

ज्याने विहीर भरली

इलाज चेंबरच्या आत आहे: बॅफल. नळीभोवती पत्र्याचं छोटं घर करायचं, त्याच्या भिंतींना बिजागरीच्या झडपा लावायच्या, त्या फक्त आत उघडतील अशा. तेल नळीकडे येतं तेव्हा झडप उघडते, पळायला बघतं तेव्हा मिटते. वरून सपाट पत्रा, म्हणजे तेल भिंतीवर चढून क्रँककडे उडणार नाही. बस्स. यात एकही वायर नाही.

लोकप्रिय इंजिनांसाठी हे तयार मिळतं. माझ्यासाठी मिळालं नाही, म्हणून दिवाळीत पुण्याला जाताना चेंबर उतरवून, डिझेलने धुऊन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बॅगेतच घातला. घरी आईने तो उघडून ‘हे कसलं पातेलं आणलंस’ म्हणून विचारलं. भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने दोन दिवसांत काम केलं. त्याला एकच अट घातली होती आणि तुम्हीही घाला: ॲल्युमिनियम चेंबरला वेल्डिंग केल्यावर जिथे पॅन इंजिनाला बसतो ती कड सपाट आहे का, हे काचेवर ठेवून तपासायचं. उष्णतेने ती वाकते, आणि मग गळती सुरू.

चेंबर परत बसवताना सिलिकॉन सीलंट हात राखून लावा. आत ओघळलेला सीलंट सुटतो, तरंगत जाऊन नळीच्या जाळीला चिकटतो आणि पंपाचा गळा आवळतो. चेंबर कधीही उतरला तरी जाळीत वाकून, टॉर्च मारून बघा. केशरी किंवा काळे रबरासारखे तुकडे दिसले तर तुमच्या ‘उजव्या वळणाच्या’ दुखण्याचं अर्धं कारण तिथेच बसलेलं असू शकतं. माझ्या जाळीत नखाएवढा एक तुकडा निघाला. तो कोणाचा, हे आता शोधत बसण्यात अर्थ नाही.

बॅफलनंतरचा लॉग: त्याच वळणात, तेल १२५ अंशांवर, सर्वांत खालचा दाब २.६ बार. दिवा त्या दिवसानंतर पेटलेला नाही.

आणि उष्णता

दाबाचं दुखणं गेल्यावर मी तापमानाकडे वळलो. खरं तर हे आधी करायला हवं होतं, पण हे काम स्वस्त असल्यामुळे कुणी आधी करत नाही.

माझ्या गाडीत तेल पाण्याने गार होतं. फिल्टरजवळच्या छोट्या हीट एक्स्चेंजरमध्ये दोन्ही शेजारून वाहतात. म्हणजे पाणी ११० अंशांवर गेलं की तेलाला थंडावा मिळायची सोयच संपली. म्हणून आधी रेडिएटर. बंपर काढून पाहिलं तर रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना बोटभर फटी. हवा शहाणी असते, जाळीतून जाण्यापेक्षा फटीतून निसटते. फोमच्या पट्ट्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याने त्या फटी बुजवल्या, खर्च एका सिनेमाच्या तिकिटांइतका, आणि पाणी सहा अंशांनी उतरलं. कूलिंगवर मी खर्च केलेल्या पैशांतले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे हेच.

त्यानंतर कूलंट. निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट हे मिश्रण थंडीत गोठू नये म्हणून ठरलेलं आहे. उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी त्याहून चांगलं. मी डिस्टिल्ड पाण्यात एक-तृतीयांश कूलंट ठेवतो. त्याहून कमी केलं तर गंज धरतो. रेडिएटरचं झाकण मात्र नवं घ्या. १.१ बारच्या झाकणाखाली साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर म्हातारं झालं की हा सगळा हिशेब कोसळतो आणि तुम्ही विनाकारण हेड गॅस्केटला दोष देत बसता.

शेवटी हवेवर चालणारा वेगळा ऑइल कूलर घातला, थर्मोस्टॅटवाला. थर्मोस्टॅट नसलेला घेऊ नका. दिल्लीकडे ट्रॅकचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, आणि जानेवारीच्या सकाळी तेल ७० अंशांवरच रेंगाळतं. गार तेलाने रेडलाइन (आरपीएमची वरची मर्यादा) गाठणं हेही गरम तेलाइतकंच वाईट. मी तेल ८० अंशांवर येईपर्यंत चार हजाराच्या वर जात नाही. वर १३० दिसलं की एक फेरी सावकाश काढतो, १४० एकदा जरी दिसलं तरी त्या आठवड्यात तेल बदलतो.

सेशनची शेवटची फेरीही सावकाश. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल फिरत असतानाच तो गार व्हायला हवा. लाल तापलेला टर्बो पिटमध्ये आणून किल्ली बंद केली तर आतलं तेल जळून कोळसा होतं. आल्यावर हँडब्रेक लावू नका, तापलेले ब्रेक पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड.

इतर दोन गोष्टी, याच वळणावर फसवणाऱ्या

गाडी उजव्या वळणातून बाहेर पडताना धक्का खाते पण ऑइलचा दाब ठीक आहे? टाकीतलं पेट्रोल बघा. तेही तिरकं होतं. पाव टाकीच्या खाली मी ट्रॅकवर जात नाही, कारण टर्बोला वळणातून निघताना पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण विरळ होतं, आणि तोच क्षण पूर्ण बूस्टचा असतो. शक्य असेल तेव्हा त्या दिवशी १०० ऑक्टेन भरतो.

दुसरं म्हणजे गिअर. पाचव्यातून चौथ्यात यायचं आणि हात दुसऱ्यात गेला, तर रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही. तो फक्त पेट्रोल तोडतो, इथे इंजिनाला चाकं फिरवत असतात. क्लच सोडलाच असेल तर लॉगमधला सर्वांत मोठा आरपीएम बघा आणि रेडलाइनच्या फार वर असेल तर त्या दिवशी गाडी पुन्हा बाहेर काढू नका. आधी कॉम्प्रेशन तपासा.

नुकसान झालंय का, हे कसं कळेल?

दिवा दोन-चार वेळा पेटून गेला असेल तर हाच खरा प्रश्न. माझाही होता, आणि रात्री झोप उडवणारा होता.

तेलाचा फिल्टर कापा. आपटून नाही, हॅक्सॉनेही नाही, त्याने लोखंडाचा भुगा आत पडतो. फिल्टर कापायचा कटर मिळतो. आतला कागद उलगडा, पिळा, उन्हात धरा. अगदी बारीक चमक प्रत्येक फिल्टरमध्ये असते. पण तांदळाच्या कणीएवढे चपटे, चंदेरी किंवा तांबूस तुकडे दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले नाहीत तर ते बहुधा बेअरिंगचे. तांब्याची छटा असेल तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा थर उघडा पडलाय. अशा वेळी ‘अजून एक ट्रॅक-डे करून बघू’ म्हणू नका. चेंबर उतरवून एक बिग एंड कॅप (पिस्टनच्या रॉडचं क्रँककडचं झाकण) सोडून बघायला एक दिवस लागतो, रॉड ब्लॉकबाहेर आला तर पूर्ण इंजिन लागतं. गार इंजिनापेक्षा गरम इंजिनातून जास्त, अडीच-तीन हजाराच्या आसपास ॲक्सिलरेटर सोडताना ‘टक-टक’ ऐकू आली, तर गाडी ढकलत ट्रेलरवर चढवा.

माझ्या फिल्टरमध्ये चंदेरी धूळ निघाली, कणी एकही नाही. तरी चेंबर उतरलेलाच होता म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचे बेअरिंग काढून पाहिले. चौथ्यावर एक पुसट घासलेला पट्टा होता, नखाला न लागणारा. चारही जोड्या नव्या घातल्या, बोल्टही नवे, कारण ते ताणून कसायचे असतात आणि दुसऱ्यांदा वापरायचे नसतात.

आता दर दोन ट्रॅक-डेनंतर तेल आणि फिल्टर, कितीही कमी किलोमीटर झालेले असोत. पाणी आणि तेलाचे आकडे प्रत्येक सेशननंतर वहीत. कापलेले फिल्टर तारीख लिहून पिशवीत ठेवतो. बायकोच्या मते हा छंदाचा शेवटचा टप्पा आहे. येत्या हंगामात बॅफलच्या जोडीला ऑइल ॲक्युम्युलेटर घालायचा विचार चाललाय, म्हणजे दाब पडला की साठवलेलं तेल आपोआप आत ढकलणारा सिलिंडर. डिकीत त्याची जागा मोजून झालीय. तिथे सध्या मुलाची सायकल असते.